एका वेलाचीं तीन नांवें

वस्तूंचीं नांवें आपण पाठ करितों. परंतु तीं कोणीं दिलीं व कां दिलीं, याचा विचार क्वचितच करितों. यासाठीं उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतील एका वेलाचें उदाहरण आम्ही येथें घेत आहों.

हा वेल वाटाणा-पावट्याच्या कुळांतील असून नदीनाल्यांच्या कांठीं ओलसर जागीं झुडपांवर चढतो. त्याचे कंद जमिनीखालीं एका दोऱ्यांत ओंवलेल्या मण्यांप्रमाणें ओळीनें धरतात. ते बटाट्यासारखे शिजवून खातात. मात्र त्यांत प्रथिनें बटाट्याच्या सुमारें तिप्पट असतात.

शास्त्रज्ञ यास ‘आपिऑस अमेरिकाना’ म्हणतात. ‘आपिऑस’ म्हणजे ग्रीक भाषेंत नासपती. कंदाच्या आकारावरून हें नांव पडलें. इंग्रज वसाहतवाल्यांनीं त्यास ‘ग्राउंडनट’, म्हणजे भुईंतील कठीण कवचाचें फळ, असें म्हटलें. पुढें तेंच नांव भुईमुगासही मिळालें. म्हणून १६२० सालीं प्लिमथ येथें उतरलेल्या इंग्रजांनीं टंचाईंत ग्राउंडनट खाल्ले, असें वाचतांना भुईमुगाच्या शेंगा डोळ्यांपुढें आणूं नयेत. ते या वेलाचे कंद होत.

परंतु या दोहोंहून जुनीं नांवें तेथील मूळ रहिवाशांचीं आहेत. लेनापी लोक या कंदास ‘हॉपनिस’ म्हणत. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ पेर काल्म यानें १७४९ च्या सुमारास तें नांव टिपून ठेविलें. कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतीं ‘शुबेनाकाडी’ नांवाची नदी आहे. तेथील मिगमाग लोकांच्या भाषेंत या नांवाचा अर्थ ‘जेथें हे कंद विपुल मिळतात तें स्थळ’ असा आहे. ज्या ठिकाणीं पोट भरे, त्या ठिकाणासच त्यांनीं अन्नाचें नांव दिलें.

आतां पुढील गोष्ट ऐका. १६५४ सालीं लाँग आयलंड बेटावरील साउदॅम्प्टन या इंग्रज गांवानें ठराव केला कीं, कोणाही मूळ रहिवाशानें हे कंद खणूं नयेत. पहिल्या अपराधास पाय खोड्यांत अडकविणें व दुसऱ्यास फटके, अशी शिक्षा ठरली. ज्यांच्या अन्नानें परक्यांची भूक भागली, त्यांनाच आपल्या भूमींत तें खणण्याची बंदी झाली!

तो ठराव आज दप्तरांतच उरला आहे. शुबेनाकाडी नदी मात्र जुनें नांव घेऊन अद्याप वाहत आहे. आपल्या गांवाचें, ओढ्याचें, रानभाजीचें नांव कशावरून पडलें, हें घरांतील वडील मंडळींस अवश्य विचारावें. ज्यांनीं आपणांस खाऊं घातलें, त्यांची आठवण पुष्कळदां अशा नांवांतच जपलेली असते.