गोळी बंद करण्याआधी

भोर

चि. भाचीबाईस,


काल तुझ्या आईचा फोन आला. क्वेटियापिन तू परस्पर बंद केलीस आणि पट्ट्या कपाटात पडून आहेत, असं ती म्हणाली. मोबाईलवर वाचलंस म्हणे, ही स्किझोफ्रेनियाची गोळी. मग ‘मला वेड लागलंय का, येरवड्याला पाठवणार का’ म्हणून रात्रभर रडलीस.

आधी कामाचं सांगतो. हे पत्र वाचून झालं की डॉक्टरांना फोन कर. किती दिवस खंड पडला ते खरं सांग. मनानेच पुन्हा पूर्ण गोळी सुरू करू नकोस. जास्त दिवस सुटली असेल तर कमी डोसपासून चढवत न्यावी लागते, नाहीतर चक्कर येऊन पडशील. आणि अशी एकदम सोडल्याने झोप उडते, मळमळतं, आजारही उलटून येतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. क्वेटियापिनच्या जातीचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, 1952 साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांना देऊन पाहिलं. अगदी सुरुवातीच्या रुग्णांतला एक उन्मादाचाच होता. म्हणजे ही औषधं केवळ स्किझोफ्रेनियाची कधीच नव्हती. बायपोलरमध्ये, म्हणजे तुझ्या आजारात, उन्माद आणि नैराश्य दोन्ही येतात; त्यातल्या नैराश्यासाठी क्वेटियापिनला अमेरिकेत 2006 मध्ये मान्यता मिळाली. साधं नैराश्य एकट्या गोळीला दाद देत नसेल तर जोडीला ॲरिपिप्राझोल थोड्या प्रमाणात देतात, तेही याच गटातलं. माझ्या औषधाच्या दुकानातून प्रोप्रानोलॉल कोणी बीपीसाठी नेतो, कोणी अर्धशिशीसाठी, कोणी हात थरथरतात म्हणून. पट्टी पाहून आजार ओळखायला गेलो तर मी रोज चुकेन.

मग तुला नुसती डिप्रेशनची गोळी का नाही दिली? गेल्या दिवाळीनंतरचे दिवस आठव. दोन-तीन तासांची झोप पुरायची, उधारीवर साड्या आणल्यास, हेडमास्तरांशी भांडलीस, आणि आम्ही म्हणालो पोरगी किती उत्साही आहे! तो उन्माद होता. अशा माणसाला एकटी डिप्रेशनची गोळी दिली तर मन पुन्हा त्याच टोकाला उसळू शकतं. डॉक्टरांनी ती दिवाळी विचारून घेतली, यातच त्यांचं शहाणपण दिसतं.

लिथियमही होतं. 1949 पासूनचं औषध, आणि माझं मत विचारशील तर बायपोलरमध्ये त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. पण त्याचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत अंतर कमी. रक्तातलं प्रमाण पुन्हा पुन्हा मोजावं लागतं, किडनी आणि थायरॉइडवर नजर ठेवावी लागते, आणि उन्हात शरीरातलं पाणी कमी झालं तरी ते रक्तात वाढतं. केळदकडच्या शाळेतून त्यासाठी दर वेळी पुण्याला कशी जाणार होतीस? दुसरा पर्याय व्हॅल्प्रोएटचा, पण ते गरोदरपणात बाळाच्या मेंदूला आणि मणक्याला घातक, आणि तुझं लग्न ठरतंय. उरलेल्या वाटांत ही वाट डॉक्टरांनी विचार करूनच धरली असणार. तरी त्यांना विचार, लाजू नकोस. उपचारांची माहिती मिळणं आणि ती गुप्त राहणं, हे दोन्ही हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेत. शाळेत कोणाला सांगायची गरज नाही.

गोळी निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. विकणाऱ्याने तर मुळीच म्हणू नये. हिने भूक वाढते, वजन चढतं, शुगर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं. आपल्या घरात मधुमेह आहे आणि तुझं ताट इंद्रायणीच्या भाताचं, म्हणून वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटीची शुगर आणि कोलेस्टेरॉल आत्ताच लिहून ठेव. तीन महिन्यांनी पुन्हा तपास, मग दरवर्षी. सकाळी अंथरुणातून झटकन उठू नकोस, बीपी एकदम खाली येतं. ओठ-जीभ आपोआप हलू लागली किंवा एका जागी बसवेना, तर लगेच कळव. खूप ताप आणि अंग लाकडासारखं ताठ झालं तर मात्र कळवत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

शेजारणीची 25 मिलिग्रॅमची पट्टी आणि तुझी 300 ची, ही तुलना सोडून दे. ती झोपेसाठी घेते. तेवढ्या डोसला गुंगी येते, नैराश्य हटत नाही. नुसत्या झोपेसाठी ही गोळी इतकी सहज लिहून दिलेली मी पाहतो तेव्हा मला आवडत नाही, पण तो माझा आणि त्या डॉक्टरांचा वाद. आणि 300 ने पुरेसं बरं वाटलं नाही तर 600 मागू नकोस. बायपोलर नैराश्याच्या चाचण्यांत 600 ने 300 पेक्षा जास्त गुण आलेला नाही.

आई तुला मांढरदेवला काळूबाईकडे न्यायचं म्हणते. जा. मन हलकं होत असेल तर ओटी भर. पण तिथे कोणी ‘बाहेरचं आहे, गोळ्या बंद करा’ म्हणालं तर ऐकून घे आणि रात्रीची गोळी रात्री घे. आईला मी समजावतो. अपरात्री जीव नकोसा झाला तर 14416 लाव. टेली-मानसचा सरकारी, फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

आणखी एक. तिकडचा पाऊस तुला माहीत आहे, रस्ता बंद झाला की एसटी येत नाही. आठवड्याची गोळी हातात असतानाच पुढची न्यायची. मात्र चिठ्ठी आण, दुकान मामाचं असलं तरी चिठ्ठीशिवाय पट्टी मिळणार नाही. गुरुवारी आईला घेऊन ये. उपाशीपोटी ये, म्हणजे इथेच रक्त देऊन मग घरी जेवू.

तुझा
मामा