सुलहेचे वर्ष : पहिल्या फितन्यातील निर्णायक वळणे

इस्लामच्या इतिहासात ‘पहिला फितना’ या नावाने ओळखला जाणारा काळ वाचताना मन जड होते, कारण दोन्ही बाजूंस आदरणीय सहाबा उभे होते. म्हणून या काळाकडे न्यायाधीशाच्या नव्हे, तर बोध घेणाऱ्याच्या नजरेने पाहावे, असे आपले उलमा शिकवितात.

हिजरी ३५ मध्ये (इ.स. ६५६) हजरत उस्मान (रजि.) यांना मदीनेत त्यांच्या घरातच शहीद करण्यात आले. हजरत अली (रजि.) खलीफा झाले. मारेकऱ्यांना शासन आधी, की विस्कटलेली खिलाफत सावरणे आधी, यावरून मतभेद झाला.

हिजरी ३६ मध्ये बसऱ्याजवळ जमलची लढाई झाली. समोर हजरत आयशा, तलहा व जुबैर (रजि.) होते. सुलह जवळ आली असता फितनेखोरांनी रात्रीच शस्त्र उचलले, असे अनेक इतिहासकार नोंदवितात. विजयानंतर हजरत अली (रजि.) यांनी पळणाऱ्यांचा पाठलाग व जखमींवर वार करण्यास मनाई केली आणि उम्मुल मोमिनीन यांना सन्मानाने मदीनेस पोहोचविले.

हिजरी ३७ मध्ये फुरात नदीकाठी सिफ्फीन येथे हजरत मुआविया (रजि.) यांच्या शामी फौजेशी युद्ध झाले. हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) येथेच शहीद झाले. अखेर भाल्यांवर कुरआनची पाने उंचावली गेली, युद्ध थांबले आणि निवाडा दोन पंचांकडे सोपविला गेला. पण त्यातून तोडगा निघाला नाही. उलट, पंच नेमणे हाच कुफ्र मानणारा खारिजींचा गट फुटून निघाला. हिजरी ३८ मध्ये नहरवान येथे त्यांचा पराभव झाला, तरी विचार मेला नाही. हिजरी ४० च्या रमजानमध्ये त्यांच्यापैकीच एकाने कूफ्यात हजरत अली (रजि.) यांना शहीद केले.

तीन लढायांनी जे साधले नाही, ते एका माघारीने साधले. हजरत हसन (रजि.) यांच्या पाठीशी फौज होती, बैअत होती. तरीही हिजरी ४१ मध्ये (इ.स. ६६१) त्यांनी मुसलमानांचे रक्त वाचविण्यासाठी खिलाफत सोडली. आपला हा नातू मुसलमानांच्या दोन मोठ्या गटांत सुलह घडवील, अशी आशा प्रेषित (सल्ल.) यांनी व्यक्त केली होती. त्या वर्षास ‘आमुल जमाअत’, म्हणजे एकजुटीचे वर्ष, असे नाव पडले.

सूरह हुजुरातची नववी आयत आपसांत लढणाऱ्या दोन्ही गटांना मोमिनच म्हणते आणि त्यांच्यात समेट घडविण्याची आज्ञा देते. आज वारशाच्या जमिनीवरून सख्खे भाऊ एकमेकांना सलाम करीत नाहीत; मशिदीच्या कारभारावरून एकाच मोहल्ल्यात दोन तट पडतात. प्रत्येकाजवळ आपली बाजू खरी असल्याचा पुरावा असतो. हजरत हसन (रजि.) यांच्याजवळही तो होता. पाऊल मागे घेतल्याने त्यांची इज्जत घटली नाही, वाढली.

अल्लाह आपणांस सुलहेत पुढाकार घेण्याची तौफीक देवो. आमीन.