एक वाटी मराठी

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत आकडा शोधतो. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या सेमिस्टरला ऐन सबमिशनच्या धामधुमीत साताऱ्याहून आजीचा फोन आला. "बाळा, माझी वाटी पार झिजली रे. बदलायला लागणार म्हणतात." मी ड्रॉइंग शीटवरची नजर न काढता म्हणालो, "मग त्यात काय! सांगलीत स्टीलच्या मस्त मिळतात. येताना सहा घेऊन येतो." आजी खूप हसली. मग "बरं, अभ्यास कर" म्हणाली आणि फोन ठेवला. ती गुडघ्याच्या वाटीबद्दल बोलत होती, हे आईने रात्री सांगितलं. ऑपरेशनची भीती वाटत होती म्हणून तिने फोन केला होता...

त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही. (त्यात आमटीचाही थोडा वाटा होता.) मग मी जर्नलच्या मागच्या पानावर वाट्या गोळा करायला घेतल्या.

आमच्याकडे कांदा-लसूण मसाला करायचा असला की वाण्याकडून खोबऱ्याच्या वाट्या येतात, ती एक. विश्रामबागेतल्या सायकलवाल्याला हँडल खडखडतंय म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, "वाटी गेलीय." म्हणजे बेअरिंगचा कप. माझ्या मते त्याचाच शब्द जास्त बरोबर, कारण कपाला कान असतो! आणि आईच्या शिऱ्यातली 'एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर'. वाटी किती मिलीलीटरची, असं विचारलं तर म्हणाली, "कुठलीही घे, पण दोन्हीला तीच घे." रेशोमध्ये युनिट कटतं, हे आपण फर्स्ट इयरला शिकलो. ती शिरा करता करता शिकली.

आता गुडघा. डॉक्टर ज्याला पटेला म्हणतात, त्या लॅटिन शब्दाचा अर्थही छोटी थाळीच! म्हणजे तिकडच्या लोकांनाही गुडघ्यात भांडंच दिसलं. हे हाड मांडीच्या स्नायूच्या कंडरेत बसलेलं असतं आणि कंडरेला सांध्यापासून थोडं पुढे उचलून धरतं. त्यामुळे लीव्हर आर्म वाढतो आणि पाय सरळ करायला जोर कमी लागतो. गंमत म्हणजे 'वाटी बदलली' असं सगळे म्हणत असले, तरी या ऑपरेशनमध्ये मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं काढून तिथे धातू बसवतात आणि मध्ये पॉलिइथिलीनचा थर देतात. वाटी बहुधा जागेवरच राहते. काही वेळा तिला मागून प्लास्टिकचं अस्तर लावतात, एवढंच.

हे सगळं मी मिरजेला दवाखान्यात आजीला समजावून सांगितलं. तिने किती ऐकलं देव जाणे! ऑपरेशनला नेण्याआधी दागिने काढायला सांगितले, तेव्हा तिने मंगळसूत्र माझ्या हातात दिलं. "नीट धर. ही माहेरची वाटी, ही सासरची." वीस वर्षं ते तिच्या गळ्यात पाहत होतो, पण त्यांना वाट्या म्हणतात हे माझ्या गावीही नव्हतं.

मग तिने आपणहून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंची गोष्ट काढली. भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही विकलं. आजी म्हणाली, "एका मंगळसूत्रावर किती पोरांच्या वाट्या भरल्या बघ. आणि तुम्ही मेसच्या आमटीला नावं ठेवता!"

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. तिने माझा हात सोडला नाही, शेवटी नर्सने सोडवला.

तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो, तर आजी वॉकर धरून उभी! मला बघून म्हणाली, "वाटी आणलीस का?"

"कुठली?"

"आमटीची रे, गाढवा!"