पंधरा दिवसांत इनपेशंट कोडिंग?

प्रश्न : मी बी.फार्म. आहे, मुलुंडला राहते. घाटकोपरच्या एका क्लासमध्ये पंधरा दिवसांचा इनपेशंट कोडिंगचा कोर्स आहे. करावा का?

उत्तर : आधी कोडिंगचा, म्हणजे रुग्णाचे आजार आणि उपचार ठरावीक कोडमध्ये मांडण्याचा, पाया आहे का, ते तपासा. आपल्याकडचं हे काम मुख्यतः अमेरिकी रुग्णालयांसाठी चालतं. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आजारांसाठी आयसीडी-१०-सीएम आणि दाखल रुग्णांवरच्या प्रक्रियांसाठी आयसीडी-१०-पीसीएस वापरतात. ओपीडीच्या प्रक्रियांना मात्र सीपीटी कोड लागतात.

पीसीएसचा कोड सात अक्षरांचा. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तर कुठल्या संस्थेतला अवयव, तो पूर्ण काढला की थोडा, कुठल्या मार्गाने, हे सगळं त्यात बसवावं लागतं. त्यामुळे शरीररचना कच्ची असेल तर पाठांतर कामाला येत नाही.

ओपीडीपेक्षा नियमही वेगळे आहेत. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी ‘बहुधा न्यूमोनिया’ लिहिलं, तर इनपेशंटमध्ये तो आजार असल्याप्रमाणे कोड होतो; ओपीडीत फक्त लक्षणं. मुख्य निदान चुकलं की डीआरजी, म्हणजे पैसे ठरवणारा रुग्णगट, बदलू शकतो आणि रुग्णालयाला मिळणारी रक्कमही.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर सीपीसी ही परीक्षा प्रामुख्याने डॉक्टरांच्या सेवांच्या कोडिंगची. इनपेशंटसाठी एएपीसी या संस्थेची सीआयसी किंवा अहिमा या संस्थेची सीसीएस पाहा. पंधरा दिवसांचा कोर्स उजळणीला ठीक, सुरुवातीला नाही. पैसे भरण्यापूर्वी विचारा : संपूर्ण केसपेपर किती सोडवून घेता? पुस्तकं चालू वर्षाची आहेत का? आयसीडीचे कोड दर ऑक्टोबरला बदलतात. ‘नोकरीची हमी’ लेखी मागा. टाळाटाळ झाली, तर काय ते समजा.