फी भरण्याआधी ‘फाइंड’ उघडा

दहावी-बारावीचा निकाल लागला की डिलाईल रोडवरच्या घराघरांत एकच चर्चा: पोराला कॉम्प्युटरचा कुठला कोर्स लावायचा? गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं उभी राहिली, तिथे आपल्या मुलांचीही वर्णी लागावी असं वाटणं रास्तच. पण क्लासची फी भरण्याआधी मुलाचा कल घरच्या घरी, फुकटात जोखता येतो. त्यासाठी त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे बोलीभाषेतलं ‘रेजेक्स’, शिकू द्या.

नेहमीच्या शोधात संगणक आपण टाइप केलेला शब्दच हुडकतो. रेजेक्समध्ये आपण शब्दाचा साचा सांगतो. गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना मांडली. बेल लॅब्जच्या केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिच्यावर आधारलेली मजकूर शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती टेक्स्ट एडिटरमध्ये आणली. म्हणून शिकायलाही एडिटरच बरा.

सुरुवात अशी करा

नोटपॅड प्लस प्लस हा मोफत एडिटर घ्या. ‘फाइंड’च्या खिडकीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ हा पर्याय निवडा. सरावाला मंडळाच्या वर्गणीची यादी उत्तम. तिच्यात एकाच रस्त्याची चार रूपं सापडतील: ‘डिलाईल रोड’, ‘डिलाइल रोड’, मध्ये जागाच न सोडलेलं ‘डिलाईलरोड’ आणि सरकारी ‘ना. म. जोशी मार्ग’. पहिल्या तिघांना एकच साचा पुरतो:

डिला[ईइ]ल ?रोड

चौकोनी कंसातलं कुठलंही एक अक्षर चालतं. प्रश्नचिन्हामुळे त्याच्या आधीची मोकळी जागा असली काय, नसली काय, सारखंच. चौथ्यासाठी:

ना\. ?म\. ?जोशी मार्ग

नुसत्या टिंबाचा अर्थ ‘कुठलंही एक अक्षर’ असा होतो; खरंच टिंब हवं असेल तर आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. दोन साच्यांमध्ये उभी रेघ टाकली की दोन्ही एका दमात सापडतात.

मराठीत आणखी एक गंमत आहे. संगणक वेलांटीला वेगळं अक्षर मानतो. म्हणून द[िी]पक या साच्यात ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही दीपक येतात. साचा दिसायला विचित्र दिसतो, पण चालतो.

आता सापडलेलं सगळं ‘रिप्लेस ऑल’ने ‘ना. म. जोशी मार्ग’ करून टाकायचा मोह होईल. तसं केलंत तर यादीतलं ‘डिलाईल रोड पोस्ट ऑफिस’ही बदलेल, आणि त्या नावाने ते कुणी ओळखत नाही. साच्याला अक्षरं कळतात, अर्थ नाही. आधी फाइलची प्रत काढा, सापडलेल्या ओळी डोळ्यांखालून घाला, मगच बदला.

उपयोग कुठे?

नुसतं रेजेक्स येतं म्हणून कुणी नोकरी देत नाही, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावं. पण सॉफ्टवेअर टेस्टिंग, डेटाची साफसफाई, सर्व्हरच्या नोंदी तपासणं, सायबर सुरक्षा या कामांत ते पदोपदी लागतं. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये थोड्याफार फरकाने हेच साचे चालतात. कॉमर्सच्या मुलांना गूगल शीट्समध्ये, मुद्रितशोधन करणाऱ्यांना लिबर ऑफिसमध्ये ते वापरता येतात.

‘हे तर एआय लिहून देतो, मग शिकायचं कशाला?’ असं मुलं विचारतील. देतो खरा. पण त्याने दिलेल्या साच्यातून पोस्ट ऑफिस निसटलं की नाही, हे तपासायला जाणता माणूस लागतो.

पालकांनी काय पाहावं?

किती साचे पाठ झाले ते मोजू नका. चुकीची ओळ सापडल्यावर मूल काय करतं, ते पाहा. ‘ही का आली?’ म्हणून ते पुन्हा साचा न्याहाळायला लागलं, तर प्रोग्रॅमिंगच्या क्लासला पैसे घालायला हरकत नाही. महिनाभर सराव करूनही कंटाळत असेल, तर शेजारच्याचा मुलगा जातो म्हणून त्याला तिकडे ढकलू नका. त्याचा कल दुसरीकडे आहे, हे लाखभर खर्चण्याआधी कळलं, यातच फायदा आहे.