मोबाईलची घंटा अल्पकाळ का वाजते? : इयत्ता ४ थी व ५ वी करिता परिसर-पाठ

चाकणच्या आसमंतातील म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इत्यादी गावांतील शाळांत आज जी मुले शिकतात, त्यांपैकी पुष्कळांचे पालक कारखान्यांत पाळीने काम करणारे आहेत. कोणी चाकणमध्येच, कोणी भोसरीस, कोणी पिंपरीस जातो. घर म्हणजे चाळीतील एक खोली, आणि आजी-आजोबा मराठवाड्यात किंवा विदर्भात गावी. अशा मुलाला शाळेत काही दुखले-खुपले, तर शिक्षकाच्या हाती एकच साधन असते, ते म्हणजे हजेरीपटात लिहिलेला मोबाईल नंबर. म्हणून त्या नंबरावर घंटा किती वेळ वाजते, ही बाब किरकोळ मानता येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या शाळेत दोन पावसाळ्यांपूर्वी घडलेली हकीकत सांगतो. तिसरीतील एका मुलीस दुपारी सडकून ताप भरला. वडिलांना फोन लावला. दोनदा घंटा वाजली आणि लागलीच ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ अशी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तीन वेळा प्रयत्न करून मी असा निष्कर्ष काढला की, नंबर बंद पडला आहे. आणि हजेरीपटातील तो नंबर तांबड्या शाईने खोडून टाकला. मुलगी कार्यालयातील बाकावर चादर पांघरून पडून राहिली. पहिली पाळी सुटल्यावर वडील नेहमीप्रमाणे तिला नेण्यास आले, तेव्हा त्यांना सारे कळले. त्यांनी खिशातून फोन काढून दाखविला. तीनही वेळा घंटा वाजल्याची नोंद त्यात होती. “गुरुजी, हातमोजे काढून खिशात हात घालेपर्यंत बंद पडतो. हा फोन गेल्याच महिन्यात नवा घेतला, तरी तसंच,” असे ते म्हणाले.

चूक माझी होती. दोनदा घंटा वाजली, याचाच अर्थ नंबर जिवंत होता. न वाजणारी घंटा आणि लवकर तुटणारी घंटा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मी ध्यानात घेतले नव्हते.

आता मूळ विषयाकडे वळू. फोन लावणाऱ्याच्या कानी जी ‘ट्रिंग-ट्रिंग’ पडते, ती समोरच्या माणसाच्या खिशातील घंटा असते, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. खिशातील घंटा तो फोन स्वतः वाजवितो. लावणाऱ्याच्या कानातील आवाज मात्र टेलिफोन कंपनीची यंत्रणा निर्माण करते. ‘समोरच्या फोनपर्यंत हाक पोहोचली आहे’ एवढेच तो आवाज सांगतो. समोरच्याने हॅलो ट्यून घेतलेली असेल, तर त्या जागी गाणे ऐकू येते. त्याच्या खिशात ते गाणे वाजत नसते, हे मुलांना चटकन पटते. सारांश, घंटा दोन आहेत आणि त्या किती वेळ चालू द्यावयाच्या हे बहुधा हातातील यंत्र ठरवीत नाही, कंपनीची यंत्रणा ठरविते. त्या पालकाने नवा फोन घेऊनही गुण आला नाही, त्याचे कारण येथे आहे.

ही मुदत किती असावी यावर आपल्या देशात २०१९ साली मोठा वाद झाला. त्या काळी एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास फोन केला, तर लावणाऱ्याच्या कंपनीला दर मिनिटास ६ पैसे दुसऱ्या कंपनीस द्यावे लागत. जिओने घंटेची मुदत २० सेकंदांवर आणली. घंटा लवकर तुटली की समोरचा माणूस ‘मिस्ड कॉल’ पाहून स्वतःच उलट फोन करतो, आणि पैसे देणारी कंपनी पैसे घेणारी होते, असा आक्षेप एअरटेलने घेतला. पुढे एअरटेल व व्होडाफोन-आयडिया यांनीही आपली मुदत २५ सेकंदांवर उतरविली. अखेर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १ नोव्हेंबर २०१९ रोजी मोबाईलकरिता ३० सेकंद व तारेच्या फोनकरिता ६० सेकंद अशी मुदत ठरवून दिली. तो ६ पैशांचा आकारही १ जानेवारी २०२१ पासून रद्द झाला. पाच-दहा सेकंदांच्या घंटेवरून मोठमोठ्या कंपन्या भांडल्या, हे ऐकून मुलांना हसू येते. तथापि प्रेस शॉपच्या गोंगाटात हातमोजे घालून उभ्या असलेल्या माणसास त्या दहा सेकंदांची किंमत विचारावी.

पाठाची तयारी अगदी थोडी आहे. दोन मोबाईल, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि फळा, एवढे पुरे. प्रथम मुलांना नेहमीची घंटा कान देऊन ऐकावयास लावावी. आपल्याकडील घंटेचा ठेका असा : ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद शांतता, पुन्हा ०.४ सेकंद आवाज आणि नंतर २ सेकंद शांतता. चौथीच्या मुलांकडून ठेका टाळ्यांनी वाजवून घ्यावा. पाचवीच्या मुलांकडून दशांश अपूर्णांकांची बेरीज करून घ्यावी. बेरीज ३ येते. म्हणजे ३० सेकंदांत दहा जोडघंटा होतात. हे एकदा समजले की घड्याळावाचूनही माप घेता येते. दहा मोजल्या तर मुदत पुरी झाली. सहा-सातवर तुटली तर २० सेकंद. दोनवर तुटली तर ५ सेकंद.

त्यानंतर एक फोन वर्गात व दुसरा व्हरांड्यात ठेवून प्रत्येकापाशी एकेक विद्यार्थी बसवावा. लावणाऱ्याच्या कानी पहिली घंटा केव्हा आली, व्हरांड्यातील फोन केव्हा वाजू लागला, दोन्ही केव्हा थांबल्या आणि थांबल्यावर कोणती सूचना ऐकू आली, या गोष्टी लिहून घ्याव्यात. बटण दाबल्यापासून पहिल्या घंटेपर्यंतचा वेळ घंटेत धरू नये. नुसत्या शोधाशोधीतच कित्येक सेकंद जातात, आणि ‘मी अर्धा मिनिट वाजविला’ असे म्हणणाऱ्या माणसाने वास्तविक वीसच सेकंद वाजविलेला असतो. प्रयोग निदान तीन वेळा करावा. एका निरीक्षणावर भरवसा ठेवल्यास काय होते, ते वर आलेच आहे.

दोन्ही घंटा जवळजवळ एकदमच सुरू होऊन ३० सेकंदांच्या सुमारास थांबल्या, तर फोनमध्ये दोष नाही. तो पिशवीत, पेटीत किंवा कारखान्याच्या लॉकरमध्ये राहतो, एवढाच अर्थ. कानातील घंटा पुरी वाजली परंतु व्हरांड्यातील अल्पकाळ वाजली, तर दोष यंत्राकडे शोधावा. पुष्कळदा कारण गमतीदार असते. घंटेसाठी निवडलेल्या गाण्याचा आरंभच इतका संथ असतो की पहिले दहा सेकंद काही ऐकूच येत नाही! काही फोनांत हळूहळू चढणारी घंटा असते, काही फोन पालथे घालताच किंवा उचलताच गप्प होतात. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असल्यास पहिला कॉल मुकाट्याने जातो आणि कित्येक फोनांत त्याच नंबरावरून लागोपाठ आलेला दुसरा कॉल तेवढा वाजतो. म्हणून निकडीच्या वेळी लगेच पुन्हा फोन लावणे इष्ट.

दर खेपेस निरनिराळ्या वेळी तुटत असेल, तर रेंज पाहावी. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये लहरी नीट शिरत नाहीत. फोन दाराशी नेऊन पुन्हा मोजला की फरक कळतो. दोन सिमकार्डांच्या अनेक फोनांत एकावर बोलणे चालू असता दुसऱ्यावरील कॉल पोहोचत नाही, हेही पालकांना ठाऊक नसते. केवळ शाळेच्याच नंबराला असे होत असेल, तर तो नंबर चुकून ब्लॉक झाला आहे काय किंवा नको असलेले कॉल अडविणाऱ्या ॲपने अडविला आहे काय, ते पाहावे.

उरला तो प्रकार आमच्या हकीकतीतला. दर वेळी नेमक्या ५, १०, १५ किंवा २० सेकंदांनी तुटते आणि पाठोपाठ भलतीच सूचना ऐकू येते. येथे कॉल फॉरवर्डिंगचा संशय घ्यावा. ‘उत्तर न दिल्यास अमुक नंबराकडे वळवावा’ अशी सूचना कंपनीच्या यंत्रणेत देऊन ठेवता येते, आणि किती वेळाने वळवावा तेही ५ ते ३० सेकंदांपर्यंत पाच-पाचच्या टप्प्यांनी ठरविता येते. ही नोंद यंत्रणेत राहते. फोन बदलला तरी पुसली जात नाही. सदर पालक एकदा गावी गेले असता खोलीतील सोबत्याच्या नंबराकडे कॉल वळवून गेले होते. पुढे सोबती काम सोडून गेला, त्याचा नंबर बंद झाला, आणि यांचा प्रत्येक कॉल पाच सेकंदांनी त्या मेलेल्या नंबराकडे जात राहिला. ‘अस्तित्वात नाही’ असे यंत्र म्हणत होते ते त्या सोबत्याच्या नंबराविषयी.

उपाय सोपा आहे. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडून ‘उत्तर न दिल्यास’ ही सोय बंद करावी. *#६१# हा संकेत लावल्यास नोंद काय आहे ते दिसते व ##६१# लावल्यास ती पुसली जाते. संकेत न चालल्यास कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर सांगावे. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. अनोळखी माणूस फोन करून *४०१# ने आरंभ होणारा संकेत लावावयास सांगतो आणि आपले सारे कॉल स्वतःकडे वळवून बँकेचे गुप्त आकडे मिळवितो, असे प्रकार घडले. त्यामुळे दूरसंचार विभागाच्या आदेशान्वये १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेतांनी कॉल वळविण्याची सोय थांबविण्यात आली. तेव्हा संकेत आपण स्वतः, माहीत असलेलाच लावावा. कोणी फोनवरून सांगितला म्हणून लावू नये. तसेच परदेशी नंबरावरून एकच घंटा वाजून थांबल्यास उलट फोन करू नये. त्या फसवणुकीला जपानी भाषेतून आलेले ‘वानगिरी’ असे नाव आहे. ‘एक घंटा आणि तोडले’ असा त्याचा अर्थ.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक पालकाच्या नंबरावर एकदा फोन लावून घंटा मोजावी आणि हजेरीपटात नंबरापुढे आकडा लिहावा. आमच्या शाळेत हे काम पाचवीची मुले शिक्षकांच्या देखत करतात. कामाच्या जागी फोन नेण्यास मनाई असलेल्या पालकांकडून शेजारणीचा किंवा कारखान्याच्या फाटकाचा दुसरा नंबर अवश्य घ्यावा. तेथे दहा घंटा वाजूनही उपयोग नसतो.

त्या पालकाचा नंबर दुरुस्तीनंतर वर्गासमोर पुन्हा मोजला. दहा जोडघंटा पुऱ्या झाल्या आणि अकरावीच्या आत कॉल तुटला. हजेरीपटातील खोडलेली ओळ तशीच ठेवून तिच्याखाली तोच नंबर पुन्हा लिहिला आहे.