माइक मधेच का गप्प होतो?

आपली गावे द्रोणागिरीच्या डोंगराखाली. समुद्राचा खारा वारा पितळेलाही सोडत नाही. परवा भजनात माइक मधेच बंद, मधेच चालू! सगळे म्हणाले, "मशीन गेले."

आम्ही माइकची वायर टोकाशी हळूच हलवली. करकर झाली. दुसरी वायर लावली. आवाज नीट आला. म्हणजे मशीन चांगले, खोट वायरीत. पिनेवर हिरवा कळंक चढला होता, आतली तारही तुटत आली होती. वायर हाताला पीळ देऊन गुंडाळायची आपली खोड!

एक पोरगा डिसमिस घेऊन पेटीच उघडीत होता. त्याला आम्ही थांबवले. बाबांनो, प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. झटक्याने जीवही जातो. पेटी जाणत्या कारागिरानेच उघडावी.

वायर दुसऱ्या दिवशी झाळून आणली.